खांबाच्या पलीकडे नागपूर

१ ऑगस्ट २००६, मंगळवार

अर्ज परत आला!

'रजेचे कारण' या रकान्यात मी 'चालणे' असं लिहिलं होतं. क्लार्कने त्याभोवती लाल गोल काढून बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं. ड्युटी संपवून त्याला भेटायला गेलो. तो म्हणाला, रजेची कारणं ठरलेली असतात. आजारपण, लग्न, बांधकाम, मयत. चालणं त्यात कुठेच बसत नाही. शिवाय तुम्ही चावीवाले. रूळ बघत चालण्याचाच पगार घेता. चालायचं काम सोडून चालायला जायचं, हे मी वर साहेबांना कसं समजावू?

मी म्हटलं, ते चालणं वेगळं, हे वेगळं. त्याने विचारलं, फरक काय? मला पटकन सांगता आलं नाही. घरी परतताना दरेकशाला गाडीतून उतरल्यावर सुचलं. रोज मी जातो आणि परत येतो. या वेळी नुसतं जायचं आहे. पण तोवर क्लार्क दहा किलोमीटर मागे राहिला होता.

प्रेमिलाने भाकरी थापता थापता तोडगा काढला. "घरगुती लिहा जी. घरगुती म्हणलं का कोनी पुढचं इचारत नाई."

२ ऑगस्ट

नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कोणी फरक विचारला तर गोंधळायला नको.

येत्या १४ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षेला पन्नास वर्षं होतात. बाबूजी त्या दिवशी तिथे होते. माझे वडील, ताराचंद. तेव्हा चोवीस वर्षांचे. इथून पायी गेले. सोबत गावातल्या सतरा घरांची नावं एका कागदावर, कारण सगळ्यांना जाणं शक्य नव्हतं. परत येऊन त्यांनी बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या आणि सतरा घरं एका सकाळी बौद्ध झाली. दर चौदा एप्रिलला बाबूजींना स्टेजवर बसवतात. निवेदक त्यांना 'साक्षीदार' म्हणतो. ते मान खाली घालून बसतात. मला ते फार आवडतं. गर्व कसा तो नाहीच.

बाबूजी ज्या वाटेने गेले त्याच वाटेने, ते थांबले तिथे तिथे थांबत, त्याच तारखेला दीक्षाभूमीवर पोचायचं. आणि त्यांच्या हयातीत पोचायचं. ते चौऱ्याहत्तरचे आहेत. पुढच्या पन्नास वर्षांची वाट बघण्यात अर्थ नाही.

माझ्याबद्दल लिहायचं तर चोवीस वर्षं याच बीटावर आहे. फाटकापर्यंत सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं. बाबूजींचंही हेच बीट होतं. आता रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या राहिल्या नाहीत, क्लिपा आल्या, तरी आम्ही चावीवालेच. मोनालीने कॉलेजच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब केला. म्हणाली, पप्पा, तुमच्या पृथ्वीला दोन फेऱ्या झाल्या आणि तुम्ही अजून फाटकाच्या पुढे गेला नाहीत.

८ ऑगस्ट

मंजूर! ४ सप्टेंबर ते १८ ऑक्टोबर. पंचेचाळीस दिवस! कारण : घरगुती.

लग्नाला चार दिवस घेतले होते. त्यातले दोन वाया गेले असं तेव्हा वाटलं होतं, हे प्रेमिलाला सांगितलेलं नाही.

१३ ऑगस्ट, रविवार

बाबूजींना वाट विचारली. कागद-पेन घेऊन खाटेशी बसलो. म्हणाले, आमगाव, गोंदिया, तिरोडा, तुमसर. वैनगंगा कशी ओलांडली? होडीने. रात्री कुठे थांबलात? "जिथं झोप आली तिथं."

तेवढं लिहून घेतलं.

२० ऑगस्ट, रविवार

पुन्हा विचारलं, कारण मधले मुक्काम राहिले होते. आज म्हणाले, साकोली, लाखनी, भंडारा. नदी पुलावरून. मी म्हटलं, बाबूजी, मागच्या रविवारी होडी होती. तर म्हणाले, "होडी येताना होती." पण येताना तर तुम्ही गाडीने आलात! त्यावर कूस बदलली. "पाय चालले गा, रस्ता पायाले माहीत. डोक्याले कायले इचारून राहिलास?"

वय झालं आता. पन्नास वर्षांत कोणाच्या लक्षात राहील?

सीताफळं यायला लागली. रेल्वेतल्याच जंगलूच्या बायकोने पाटीभर पाठवली. बाबूजींनी पाटी दाराबाहेर ठेवायला लावली. त्यांना तो वाससुद्धा चालत नाही. मी लहान होतो तेव्हापासून हेच. दातांमुळे असं म्हणतात. दात गेले त्याला दहा वर्षं झाली.

४ सप्टेंबर, सोमवार

रजेचा पहिला दिवस.

सकाळी साडेसहाला जागा झालो, तोंड धुतलं, चहा प्यायलो, आणि शुद्धीवर आलो तेव्हा रुळावर होतो. दोन फर्लांग गेलोही होतो. समोरून आमचा मुकादम, मेट केवलराम, रूळदुरुस्तीची गँग घेऊन आला. त्याने मला आधी सलाम ठोकला आणि मग हात धरून खाली उतरवलं. "रजेवर हायेस ना? मंग तू आता पब्लिक हायेस. पब्लिकनं रुळावर पाय ठेवला का गुन्हा लागते."

मी त्याला एक सैल क्लिप दाखवली. म्हणाला, पब्लिकने क्लिपा बघू नयेत.

म्हणजे नागपूरपर्यंत रस्त्यानेच जावं लागणार. रस्ता मला येत नाही, हे आज कळलं. रुळावर स्लीपर असतात. एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पाय, की झालं. रस्त्यावर पाय कुठे ठेवायचा हे कोणी सांगतच नाही. माझी टाच आपली दोन फुटांवर पडत राहते. मोनाली हसून हसून बसली. म्हणाली, पप्पा, तुम्ही नव्या नवरीसारखे चालता.

६ सप्टेंबर, बुधवार

सराव सुरू. आजचं लक्ष्य : जाऊन-येऊन वीस किलोमीटर. पाठीला पिशवी, पिशवीत चार किलो तांदूळ, वजन म्हणून.

सुरुवात छान. हवा छान. मनात विचार, की वैनगंगेवर पोचल्यावर आधी पाय धुवायचे की आधी डोकं. विचार करता करता समोर एक क्वार्टर दिसलं. दारात ओळखीची साडी वाळत होती. साडी प्रेमिलाची होती. क्वार्टर आमचं होतं.

मी वळलो होतो! कुठे वळलो, केव्हा वळलो, काही आठवत नाही. फाटकाच्या खांबापर्यंत गेल्याचं आठवतं. तिथे बीट संपतं. त्यापुढचं एकदम साडी.

७ सप्टेंबर

आज पुन्हा.

८ सप्टेंबर

आज पुन्हा. प्रेमिलाने नुसतं पाणी पुढे केलं. तेच जास्त लागलं.

१० सप्टेंबर, रविवार

आज उलट्या दिशेला निघालो, बोगद्याकडच्या रस्त्याने. तिकडे माझं बीट नाही, फाटक नाही, खांबही नाही. म्हटलं आता बघू कसा वळतो ते!

सहा किलोमीटरवर वळलो.

मोनाली सायकलने मागे होती, मुद्दाम. ती सांगते, तुम्ही थांबलात, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कुणाला तरी मान हलवली आणि आलात परत. तिथे कोणी नव्हतं. एक म्हैस होती.

११ सप्टेंबर

दवाखान्यात गेलो. डॉक्टरने दोन्ही पाय बघितले, गुडघ्यावर हातोडी मारली. मी त्यांना हातोडी कशी धरायची ते सांगितलं. ते म्हणाले, पाय ठणठणीत आहेत, असे पाय मी या वयात पाहिले नाहीत. मग मी आजार सांगितला. त्यांनी पुन्हा एकदा गुडघ्यावर हातोडी मारली. शेवटी बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं.

१३ सप्टेंबर, बुधवार

जंगलूने रोग शोधला!

जंगलू म्हणजे पुढच्या बीटाचा चावीवाला. फाटकाचा खांब आम्हा दोघांच्या मध्ये. माझं बीट तिथे संपतं, त्याचं तिथे सुरू होतं. रोज साडेदहाला मी इकडून पोचतो, तो तिकडून. तो तंबाखू-सुपारीचा खर्रा काढतो, अर्धा मला देतो. विचारतो, "ठीक?" मी म्हणतो, "ठीक." मग दोघं वळतो. चोवीस वर्षांत आमच्यात याहून जास्त बोलणं फार थोड्या वेळा झालं. एकदा त्याचा मुलगा झाला तेव्हा, आणि एकदा मधमाश्या लागल्या तेव्हा.

तर जंगलूचं म्हणणं असं, की पाय खांबाला वळत नाहीत. 'ठीक'ला वळतात. कोणी नसलं तरी माझ्या डोक्यात तो विचारतो, मी उत्तर देतो, पायांना वर्दी जाते. आपण विचारायचंच नाही, मग बघू.

आज साडेदहाला करून बघितलं. तो ड्युटीवर, मी पब्लिक. खर्रा नाही. 'ठीक' नाही. तो आभाळाकडे बघत उभा राहिला. आणि खरंच — मी वळलो नाही! पण पुढेही गेलो नाही. नुसता उभा. एक मालगाडी गेली. एक एक्सप्रेस गेली. फाटकवाल्याने स्टूल आणून दिलं. चाळीस मिनिटांनी जंगलूला ड्युटीची आठवण झाली. वैतागून म्हणाला, "ठीक हाय बापा, जा आता!"

त्याला नागपूरला जा म्हणायचं होतं. मी घरी आलो.

जाताना मात्र त्याने टोमणा मारलाच. आमची गोंडाईची कचारगडची यात्रा घराजवर हाय, तुम्ही लोकाईनं आपलं ठिकान एवढं दूर काऊन ठेवलं? मी म्हटलं, आमच्यात देव नाही. तो म्हणाला, मंग एवढ्या दूर कोनाले भेटाले जाऊन राहिलास? याचंही उत्तर मला घरी आल्यावर सुचलं. दुसऱ्या बायकोसारखी ही सवय लागली आहे मला, उत्तरं घरी सुचायची. (प्रेमिलाने वही वाचली तर : दुसरी बायको नाही. म्हणायची पद्धत आहे.)

१७ सप्टेंबर, रविवार

गँगवाले घरी आले, केवलराम मेट पुढे. सगळे काळजीत. माझे पाय आता सेक्शनभर माहीत झाले आहेत. आमगावच्या माणसाने फोन करून तब्येत विचारली.

केवलरामने योजना मांडली. दरेकसा ते नागपूर एकशे सत्तर किलोमीटर. म्हणजे अठ्ठावीस-तीस बीटं. प्रत्येक बीटावर एक चावीवाला. तो रोज आपलं बीट चालतोच. तर मी एक गाठोडं बांधायचं, त्यात निळा झेंडा, हार, काय असेल ते. खांबावर जंगलूच्या हातात द्यायचं. जंगलू आपल्या बीटाच्या शेवटी पुढच्याला देईल. तो त्याच्या पुढच्याला. असं हातोहात गाठोडं नागपूरला पायी पोचेल. कोणाला रजा नको, कोणाला वळण्याची भीती नको. "पुरी यात्रा ड्युटीवर! तू कायले तकलीफ घेतेस?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलासुद्धा क्षणभर पटलं, हे लाजत लिहितो.

आतून ताट आपटल्याचा आवाज आला. बाबूजी जेवत होते. वरण-भात भिंतीवर गेला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना ताट आपटताना पाहिलं नव्हतं. केवलरामला म्हणाले, "निंग इथून!" आणि हात न धुता अंगणात जाऊन उभे राहिले. गँग चहा न घेता गेली.

मला वाटतं, त्यांना अपमान वाटला. ते स्वतःच्या पायांनी गेले आणि आम्ही हे असले उद्योग करतो. खरं आहे त्यांचं. मला माझी फार लाज वाटली.

२१ सप्टेंबर, गुरुवार

चंद्रशेखर सर आले. शाळेत भूगोल शिकवतात आणि विहार समितीचे सचिव आहेत. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघते आहे, तिच्यात बाबूजींच्या मार्गाचा नकाशा हवा. बाबूजींनी त्यांना तिसराच मार्ग सांगितला — देवरी, कोहमारा. आणि मध्ये रामटेक. रामटेक कुठे, कोहमारा कुठे! सरांनी पेन खाली ठेवलं. मी दाराबाहेर नेऊन त्यांना वयाचं सांगितलं.

सर मोठ्या मनाचे. म्हणाले, तिन्ही मार्ग छापू. एक जातानाचा, एक येतानाचा, एक पर्यायी.

बॅनरही तयार होतोय. मोठा फ्लेक्स, माझा फोटो, बाबूजींचा फोटो. वर लिहिणार : 'पित्याच्या पावलावर पाऊल'.

२४ सप्टेंबर, रविवार

प्रेमिलाने निकाल लावला. मी सहा-सहा किलोमीटरवर वळणार हे धरून चालायचं. दर वेळी मला धरून पुन्हा नागपूरकडे तोंड करून देणारा एक माणूस सोबत पाहिजे. एकशे सत्तर किलोमीटर म्हणजे अठ्ठावीस वेळा. "मंजे मलेच यावं लागते." ती सायकल घेणार, मी पायी.

मी म्हटलं, बाबूजी एकटे गेले होते. तिने तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. "बाबूजीले वळवाले कोनी नव्हतं, मंग ते गेले. तुम्हाले कोनी नाई मिळालं तं तुम्ही साडीपर्यंत येता."

२६ सप्टेंबर

रंगीत तालीम. फाटकावर वळलो. प्रेमिलाने सायकल उभी केली, माझे दोन्ही खांदे धरले आणि फिरवलं. चाललो! पुढे! सातवा किलोमीटर! आयुष्यात पहिल्यांदा ते शेत मी गाडीच्या खिडकीतून न बघता बघितलं.

पण घाबरलो. खरंच लिहितो, घाबरलो. ड्युटी सोडून पळाल्यासारखं वाटलं. दोनशे पावलं गेलो आणि मीच म्हणालो, आज पुरे.

३० सप्टेंबर, शनिवार

विहारात निरोप समारंभ. शाल, गुच्छ, त्रिशरण-पंचशील, भाषणं. अजून एक पाऊल टाकलेलं नाही आणि चार हार गळ्यात! चंद्रशेखर सर म्हणाले, ताराचंदजींच्या घराण्यात मागे वळून बघणं नाही. प्रेमिला खोकली.

मग बाबूजींना दोन शब्द बोलायला उभं केलं. माइक त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी दोन्ही हातांनी काठी धरली. मग म्हणाले, "फाटकापुढचा रस्ता मले माहीत नाई." आणि बसले.

लोक हसले, खूप टाळ्या वाजल्या. शेजारच्याने मला म्हटलं, या वयातही काय विनोद करतात! मी पण टाळ्या वाजवल्या. बाबूजी त्या टाळ्यांत माझ्याकडे बघत होते. ते बघणं मला आवडलं नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार. दसरा.

सगळे धम्मचक्र दिनासाठी सकाळच्या गाडीने नागपूरला गेले. प्रेमिला आणि मोनालीसुद्धा, उद्या येतील. क्वार्टरांची लाइन रिकामी. मी गेलो नाही. चौदाला पायी जाणारा माणूस आज गाडीने कसा जाईल? बाबूजी दरवर्षीप्रमाणेच घरी. कधीही चला म्हटलं की त्यांचं ठरलेलं, "एकदा जाऊन आलो, पुन्हा कायले?"

दुपारी मी पडवीत सीताफळ फोडलं. त्यांना सहज म्हटलं, बाबूजी, आज सणाचं एक खाऊन बघा. त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. म्हणाले, दहा दिवस खाल्ली. आता नको.

कधी? मी विचारलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते सांगत होते ते जसं ऐकलं तसं लिहितो.

४ ऑक्टोबर छप्पनला गावाने त्यांना हार घालून निरोप दिला. रजा त्यांनी मागितलीच नव्हती. बेत असा होता : नेहमीसारखं ड्युटीवर निघायचं, सदऱ्याच्या आत गाठोडं — पांढरे कपडे, आजीने शिवलेले, आणि सतरा नावांचा कागद. खांबाशी पुढच्या बीटाचा केशोराव भेटला की हातोडा त्याच्या हवाली करायचा आणि तसंच पुढे चालू लागायचं. केशोराव आला. त्याने तंबाखू पुढे केली. विचारलं, ठीक? बाबूजी म्हणाले, ठीक.

"हातोडा द्याचा होता गा. गाठोडं देल्लं."

आणि वळले. दहा पावलं गेल्यावर त्यांना कळलं काय झालं ते. मागे वळून ओरडले, पुढं देत जा! नागपूरपर्यंत पुढं देत जा! केशोरावने हात केला. तो गाठोडं घेऊन गेला. ते कुठवर पोचलं, कोणी उघडलं, कागदाचं काय झालं, काही कळलं नाही. केशोरावला विचारायची बाबूजींना लाज वाटली, त्यानेही कधी विषय काढला नाही, आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

हातोडा हातात होताच. तरी पुन्हा पुढे जाणं झालं नाही. पाय नाही उचलले, म्हणाले. आणि गळ्यात हार घालून निघालेला माणूस दुपारी घरी कोणत्या तोंडाने जाईल? डोंगरात शिरले. शिदोरी दोन दिवसांत संपली. पुढे सीताफळं. सोळा तारखेला सालेकसा स्टेशनवर नागपूरहून परतणाऱ्या लोकांमध्ये जाऊन बसले. त्यांच्याकडून सगळं ऐकलं, प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या, आणि त्यांच्याबरोबर गावात आले. ड्युटीवर बारा दिवस गैरहजेरी लागली. तीच पुढे पुरावा झाली की ताराचंद नागपूरला गेला होता.

मला राग आला. असा राग की हातातलं सीताफळ मी अंगणात भिरकावलं. दर चौदा एप्रिलची ती खाली घातलेली मान! मला तो नम्रपणा वाटत होता! मी म्हटलं, बाबूजी, सतरा घरांना फसवलंत तुम्ही.

ते म्हणाले, "हो."

मग काठी उचलून मांडीवर घेत म्हणाले, "ते सारे समोर उभे होते. कोनी इचारलं नाई का तू पोचलास का. इचारलं, आता काय म्हनाचं ते सांग. मी सांगत गेलो, ते म्हनत गेले. मी वळलो गा. त्याईतला एकही वळला नाई."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो. चहा मी केला. साखर दोनदा पडली. दोघांनीही प्यायला.

३ ऑक्टोबर

प्रेमिलाला सांगितलं. तिने ट्रंकेवर बसून ऐकलं, पिशवीही खाली ठेवली नाही. मी विचारलं, चंद्रशेखर सरांना सांगायचं का? समितीला? ती म्हणाली, ज्याचं हाय तो सांगन. तुम्ही आपले पाय बघा.

जाऊ की नको तेही कळत नाही. ज्या वाटेने जायचं होतं ती वाटच नव्हती. रजेचे पंधरा दिवस उरले आहेत आणि स्टेशनसमोर बॅनर फडफडतो आहे, 'पित्याच्या पावलावर पाऊल'. त्याच्याखाली उभा राहून वाचला. आणि एकटाच हसायला लागलो, इतका की स्टेशन मास्तर बाहेर आले. बॅनरमध्ये एक अक्षर खोटं नाही! सहा सप्टेंबरपासून मी दुसरं काय करतो आहे?

संध्याकाळी बाबूजींनी विचारलं, उद्या निघतोस? मी म्हटलं, हो. "मी खांबापर्यंत येतो," म्हणाले. "पोचवाले."

४ ऑक्टोबर, बुधवार. सालेकसा, विहाराची ओसरी.

बाबूजींना सायकलच्या कॅरिअरवर बसवून प्रेमिलाने फाटकापर्यंत ढकलत आणलं. साडेदहा. जंगलू खांबाशी हजर. त्याने खर्रा काढला आणि सवयीने विचारलं, "ठीक?"

मी म्हणालो, ठीक. पाय वळले. प्रेमिला सायकल लावून मला धरायला धावली.

बाबूजी कॅरिअरवरून उतरले. काठी टेकली. जंगलूकडे बघून म्हणाले, "ठीक नाई," आणि फाटक ओलांडून चालू लागले.

त्यांना गाठेपर्यंत माझा सातवा किलोमीटर संपला होता.